पिशवीचे वय

आमच्या परभणी जिल्ह्यात गर्भाशयाला गर्भाशय असे फारसे कुणी म्हणत नाही. बायकांच्या तोंडी ‘पिशवी’ हाच शब्द असतो. पिशवीला सूज आहे, पिशवी खाली सरकली आहे, पिशवी काढून टाकली आहे. लग्नाला चार वर्षे होऊनही माझी कूस उजवली नाही, तेव्हा ज्या ज्या बाईने माझ्याजवळ हा विषय काढला तिने एकच निदान सांगितले, की वय निघून गेले आणि पिशवी सुकली. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या पुस्तकातले मासिक पाळीचे चक्र मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि गर्भाशयाचे अस्तर कसे वाढते व कसे गळून पडते हे मुलामुलींना न संकोचता सांगते. तरीही हे निदान मला खरेच वाटत होते, कारण वयाचा परिणाम नेमका कुठे आणि कसा होतो हे मला कुणी शिकवले नव्हते, आणि मीही ते कधी शोधले नव्हते.

माझा जन्म १९८४ चा. विनाअनुदानित शाळेत नोकरी लागली, पगार सुरू होण्याची वाट पाहण्यात सात वर्षे गेली आणि पगाराशिवाय लग्नाचा विचार करायचा नाही हे मी आणि माझ्या वडिलांनी मिळून ठरवले होते. लग्न झाले तेव्हा मी ३४ वर्षांची होते. त्या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण त्या सात वर्षांत एकदा तरी कुणी मला जवळ बसवून सांगायला हवे होते, की मुलीच्या शरीरात एक साठा असतो आणि तो वाट पाहत थांबत नाही.

२०२० मध्ये मला दिवस राहिले. नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत आणि दुसऱ्याच दिवशी जवळच्या एका दवाखान्यात क्युरेटिंग करून पिशवी साफ करण्यात आली. असे का झाले हे मला कुणी सांगितले नाही, मीही विचारले नाही. मी दोष दिला तो रोज स्कूटीवरून शाळेत जाण्याला. पस्तिशीनंतर गर्भपाताचे प्रमाण वाढत जाते आणि त्यामागे बहुतेक वेळा गर्भातील गुणसूत्रांची संख्या चुकलेली असणे हे कारण असते, हे मला दोन वर्षांनी कळले. तोपर्यंत मी त्या स्कूटीला हात लावला नव्हता. आणखी एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. पूर्वी पाच दिवस चालणारी माझी पाळी त्या क्युरेटिंगनंतर दोन दिवसांवर आली होती.

२०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे पहिल्यांदा संभाजीनगरला वंध्यत्वाच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो. परभणीहून मानवत रोड, सेलू, परतूर, जालना अशी स्थानके मागे टाकत जाणारा तो रेल्वेचा प्रवास पुढच्या तीन वर्षांत मला पाठ झाला. पहिल्या भेटीत दोन्ही बाजूंच्या तपासण्या झाल्या, आणि पतीचीही तपासणी झाली हे मी मुद्दाम नोंदवते, कारण आमच्याकडे पुष्कळ घरांत सुनेच्या तीन सोनोग्राफी होईपर्यंत मुलाचे वीर्य तपासायची कुणाची तयारी नसते. त्यांचा अहवाल चांगला आला. माझ्या रक्तातील एएमएच या संप्रेरकाचे प्रमाण ०.८, म्हणजे कमी आले आणि पाळीच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत मिळून बीजे धरून असलेल्या पाचच बारीक पुटिका दिसल्या.

डॉक्टर मॅडमनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे लिहायला सुरुवात केली. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत साधारण दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात, आयुष्यभरात त्यांतली जेमतेम चारशे ते पाचशे पक्व होऊन बाहेर पडतात आणि बाकीची आपोआप विरून जातात. नवे बीज जन्मानंतर तयार होत नाही. एएमएच हा उरलेल्या साठ्याचा अंदाज आहे, बीजाच्या दर्जाचा नाही, आणि एएमएच कमी असलेल्या बाईलाही नैसर्गिकपणे दिवस राहू शकतात, हे त्यांनी दोनदा सांगितले. दर्जा वयावर ठरतो. मी आईच्या पोटात असताना माझी बीजे तयार झाली आणि गुणसूत्रांच्या वाटणीच्या मधल्याच टप्प्यावर थांबून राहिली; ती वाटणी पुरी व्हायची ती बीज बाहेर पडताना, म्हणजे अडतीस वर्षांनी. इतका काळ गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारे दुवे झिजतात, वाटणी चुकते आणि एखादे गुणसूत्र कमी किंवा जास्त होते. चाळिशीत बनणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत ही चूक असते.

“आणि पिशवी?” मी विचारले.

“पिशवीचे अस्तर दर महिन्याला नवे येते, मॅडम,” त्या म्हणाल्या. “बीज मात्र तुमच्याच वयाचे असते.”

हे वाक्य मला तेव्हा ऐकू आले, पण कळले ते घरी आल्यावर. जून तोंडावर आला होता आणि माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणते, ओसरीवर घरच्या सोयाबीनची उगवण तपासत बसले होते. ओल्या गोणपाटावर त्यांनी दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडले, गोणपाट गुंडाळले, दोरीने बांधले आणि सावलीत ठेवून दिले. चार-पाच दिवस त्यावर पाणी शिंपडून झाल्यावर त्यांनी ते माझ्यासमोरच उलगडले आणि बोटाने एकेक मोड आलेला दाणा बाजूला सारत मोजणी केली. बासष्ट. सोयाबीनची साल पातळ असते, साठवणीत दाणा लवकर जायबंदी होतो आणि सत्तरच्या खाली उगवण आली की एकरी बियाणे वाढवावे लागते, हे शेतकऱ्याच्या घरात लहान पोरालाही ठाऊक असते. न उगवलेले अडतीस दाणे दिसायला उगवलेल्या दाण्यांइतकेच गोल आणि पिवळे होते. मामांनी त्यासाठी रानाला बोल लावला नाही. मी कितीतरी वेळ ते गोणपाट पाहत उभी राहिले, आणि मग आत जाऊन माझा अहवाल पुन्हा वाचला.

अर्थात माझ्या बाबतीत रानही निर्दोष नव्हते, आणि ते सांगणे आवश्यक आहे. दुर्बिणीने पिशवीची आतून तपासणी केली तेव्हा एक लहान मांसल गाठ, म्हणजे पॉलिप, आणि एका कोपऱ्यात अस्तर एकमेकांना चिकटल्याचे पातळ पापुद्रे सापडले. पॉलिप, गाठी, पिशवीच्या स्नायूत अस्तर शिरून होणारी सूज हे प्रकार वयाबरोबर वाढतात. पापुद्रे मात्र वयाचे नव्हते, ते त्या क्युरेटिंगचे होते. अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर पाळीत गळतो आणि खालचा पायाचा थर त्याला पुन्हा उभे करतो. खरवडताना हा पायाचा थर दुखावला गेला तर तिथे अस्तर पुरते वाढत नाही. माझी पाळी दोन दिवसांवर का आली होती याचे उत्तर मला असे दोन वर्षांनी मिळाले. आपल्या देशात पिशवीचा क्षयरोग हेही अस्तर खराब होण्याचे मोठे कारण असल्याने अस्तराचा तुकडा त्या तपासणीसाठीही पाठवला होता. ती शंका फिटली. पाळीत असा बदल झाला तर तो सांगावा, एवढे एक वाक्य मला घरी पाठवताना कुणी बोलले असते तर माझी दोन वर्षे वाचली असती. ही खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

मग टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार ठरला, म्हणजे बीजे बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करायचा. बीज काढण्याची प्रक्रिया दोनदा झाली. पोटात घ्यायची इंजेक्शने थंड राहावी लागतात, म्हणून बर्फाची पाकिटे घातलेला स्टीलचा डबा मांडीवर घेऊन मी रेल्वेत बसत असे, आणि रात्री आठच्या ठोक्याला पती इंजेक्शन देत असत. शेवटचे इंजेक्शन बीज काढण्याच्या छत्तीस तास आधी, घड्याळ लावून. पहिल्या वेळी चार बीजे निघाली. तीन पक्व होती, दोन फळली आणि पाचव्या दिवसापर्यंत एकच गर्भ टिकला. दुसऱ्या वेळी पाच निघाली आणि शेवटी हातात पुन्हा एकच गर्भ. दोन्ही गर्भ गोठवून ठेवले. दोन्ही खेपांच्या खर्चापायी आमच्यावर सोसायटीचे कर्ज झाले आणि माझ्या पाटल्या गेल्या, यापेक्षा त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

मग सुरू झाला अस्तराचा काळ. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून अस्तर वाढवणाऱ्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या, आणि दर तीन-चार दिवसांनी सोनोग्राफी. खोलीत अंधार असतो, दाराबाहेर गर्भलिंग सांगितले जात नाही असा फलक असतो आणि पडद्यावर करड्या रंगात पिशवी आडवी दिसते. अस्तर चांगले वाढले की त्यात तीन समांतर पांढऱ्या रेघा उमटतात, दोन काठांच्या आणि एक मधली. डॉक्टर एका काठावर एक फुली ठेवतात, दुसऱ्या काठावर दुसरी, आणि खाली कोपऱ्यात आकडा येतो. सात मिलिमीटरच्या वर हवा. माझा दहाव्या दिवशी ५.२ होता, तेराव्या दिवशी ५.८ आणि सोळाव्या दिवशी ५.९. तो महिना रद्द झाला. त्या दिवशी परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून जालन्यापर्यंत रडले, आणि मला वाटले की बायका म्हणत होत्या तेच खरे, पिशवी सुकली.

त्याच आठवड्यात शाळेत एका विद्यार्थिनीची आई दाखला न्यायला आली होती. ऊसतोडीला जाणारी बाई, वय बत्तीस, आणि बोलण्याच्या ओघात तिने सहज सांगितले की मागच्या वर्षी पिशवी काढली. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो, आणि दोन लेकरं झालीत, आता पिशवीचं काय काम हाय. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये शासनाच्या समितीने ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढलेली आढळली होती. मी एका मिलिमीटरसाठी रडत होते आणि माझ्यासमोरची बाई माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान होती. तिच्याशी काय बोलावे हे मला सुचले नाही. मी तिला चहा दिला आणि कंबर दुखते का, कॅल्शियम घेता का, एवढेच विचारले.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांनी पद्धत बदलली आणि गोळ्यांऐवजी माझ्या स्वतःच्या पाळीच्या चक्रावरच अस्तर वाढू द्यायचे ठरवले. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट पिशवीत सोडण्याचाही एक उपाय असतो, त्याचे पैसे वेगळे पडतात. त्याबद्दल विचारल्यावर त्यांनी मोकळेपणाने सांगितले की त्याचा पुरावा अजून भक्कम नाही आणि माझ्या पैशांवर त्या तो प्रयोग करणार नाहीत. मला त्यांचा हा स्पष्टपणा फार मोलाचा वाटला. त्या चक्रात आकडा ७.१ वर गेला. जाडीइतकीच वेळ महत्त्वाची असते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा अंमल सुरू झाल्यावर अस्तर गर्भाला धरून ठेवण्याजोगे होते ते मोजकेच दिवस, त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही. सासूबाईंना हे समजावून सांगताना मी शब्द शोधत होते, तर त्याच म्हणाल्या, “म्हंजे वाफसा आल्याबिगर पेरायचं न्हाई, असंच की.” मी वर्गात इतकी वर्षे जे शिकवते ते इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आले नव्हते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिला गर्भ पिशवीत सोडला. चौदाव्या दिवशी रक्तातील बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ रुजल्याचे सांगणारे संप्रेरक, ३८ आले आणि दोन दिवसांनी, जेव्हा ते जवळजवळ दुप्पट व्हायला हवे होते, तेव्हा ते १९ वर उतरले. ऑगस्टमध्ये दुसरा गर्भ सोडला, अस्तर ७.४ होते, आणि काहीच झाले नाही.

यानंतरची भेट मला सर्वांत जास्त आठवते. मी आत जाताच म्हणाले की माझी पिशवीच म्हातारी झाली आहे, आता थांबू. डॉक्टर मॅडमनी मला बसवले आणि सांगितले की हा प्रश्न माणसांनी फार पूर्वी तपासून पाहिला आहे. वयस्कर बाईच्या पिशवीत तरुण बाईच्या बीजाचा गर्भ ठेवला तर काय होते? यशाचे प्रमाण जवळजवळ बीज देणारीच्या वयाप्रमाणे येते, पिशवी जिची आहे तिच्या वयाप्रमाणे नाही. पंचेचाळिशीच्या पुढे थोडी घसरण दिसू लागते, पण बीजाच्या घसरणीपुढे ती फार लहान असते. अस्तर वय जाणतच नाही असे नाही. त्याला होणारा रक्तपुरवठा मंदावतो, थकलेल्या पेशी साठत जातात, प्रोजेस्टेरॉनला मिळणारा प्रतिसाद ढिला पडतो आणि गर्भासाठी पेशींनी जे रूप घ्यायचे ते त्या पूर्वीइतक्या सहज घेत नाहीत. पाळी बंद झालेल्या बाईचे अस्तरसुद्धा मात्र बाहेरून दिलेल्या संप्रेरकांनी पुन्हा उभे राहू शकते. बंद पडलेल्या अंडाशयातून बीज परत आणण्याचा उपाय कुणाजवळ नाही. दर महिन्याला ज्याचा आकडा पडद्यावर दिसतो त्याचीच आपण काळजी करत राहतो, आणि बीजाच्या आत चुकलेली वाटणी कोणत्याही सोनोग्राफीत दिसत नाही. तीन वर्षे मी जिला बोल लावला ती पिशवी माझ्या दुःखात बरोबरीची भागीदार होती, कारण नव्हती.

दात्या बाईच्या बीजाचा विषय त्यांनी तेव्हाच काढला. २०२१ च्या कायद्यानुसार बीज देणारी बाई २३ ते ३५ वर्षांची असावी लागते, तिला आयुष्यात एकदाच बीज देता येते, सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत, तिची ओळख आम्हाला कळत नाही आणि जन्मणाऱ्या बाळावर तिचा हक्क राहत नाही. उपचार घेणाऱ्या बाईचे वय ५० पर्यंत चालते. हे नियम मी नंतर स्वतः वाचून काढले. निर्णयाला मात्र आम्हाला आठ महिने लागले. बाळाचे नाक कुणासारखे असेल, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नसे आणि तो मी कुणालाही, पतीलाही, सांगत नव्हते. शेवटी एका दुपारी ज्वारी निवडताना सासूबाईंना सगळे सांगून टाकले. त्यांनी सुपातले खडे बाजूला काढणे थांबवले नाही. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “नऊ म्हैने रगत तर तुझंच पिणार हाय ना ते? मग आनिक काय पाह्यजे?” आणि थोड्या वेळाने, “लई इचार करायलीस तू.” असे उपचार कधीपासून होतात हेही त्यांनी विचारले. मी सांगितले की मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचारांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली ती १९८६ मध्ये, मी दोन वर्षांची असताना. त्यावर त्या म्हणाल्या, “मंग काय नवीन न्हाई.”

जुलै २०२५ मध्ये दात्या बाईच्या बीजाचा गर्भ माझ्या पिशवीत ठेवला. अस्तर होते ७.२, म्हणजे मागच्या वेळेपेक्षा दोन दशांश कमीच. चौदाव्या दिवशी बीटा एचसीजीचा आकडा ४१२ आला. मी तो अहवाल शाळेच्या प्रयोगशाळेत एकटीने उघडला आणि बराच वेळ परीक्षानळ्यांच्या कपाटाला टेकून उभी राहिले.

आता सातवा महिना सुरू आहे. माझे वय आणि दात्याचे बीज या दोन्ही गोष्टींमुळे रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असतो, म्हणून डॉक्टरांनी तिसरा महिना संपताच ॲस्पिरिनची लहान गोळी सुरू केली, साखर दोनदा तपासली आणि घरी रक्तदाबाचे यंत्र घ्यायला लावले. दररोज सकाळी पती माझ्या दंडाला पट्टा बांधतात आणि शाळेच्या जुन्या हजेरीपटात आकडा लिहितात. आज १२४ आणि ७८. शाळेतल्या तेहतीस वर्षांच्या एका सहकारी शिक्षिकेने परवा दार लावून घेऊन मला विचारले, की तिने काय करावे. एक साधी सोनोग्राफी आणि एएमएच करून घे, दोघांचीही तपासणी करा, आणि अहवाल आला की पिशवीबद्दल नव्हे, बीजाबद्दल प्रश्न विचार, असे मी तिला सांगितले. तिने ते हातावर पेनाने लिहून घेतले.

परवाच्या सोनोग्राफीचा अहवाल माझ्यासमोर आहे. सवयीने मी अस्तराचा आकडा शोधला आणि तो कुठेच नाही. त्या जागी वारेबद्दल लिहिले आहे: पुढची भिंत, वरचा भाग, नीट चिकटलेली.